डाव्या मागच्या चाकाचे तीन नट सुटत नाहीत (१९६४ची जीप, आखाजीच्या आत हवी)

केळीबाग

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय.

आमच्या आजोबांची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. उंच बॉनेटची, पेट्रोल इंजिनाची, नोंदणी १९६४ची. आजोबा गेल्यावर वडिलांनी काही वर्षं चालवली, मग ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी उभी राहिली ती अकरा वर्षं. शेडच्या दुसऱ्या अंगाला खताची पोती. पावसाळ्यात आत पाणी शिरायचं आणि काळ्या मातीचा चिखल रिमपर्यंत चढायचा.

गेल्या महिन्यात बाहेर काढली. इंजिन हँडलने फिरतंय, जाम नाही. आता चाकं उतरवून ब्रेक बघायचे आहेत. उजवीकडची दोन्ही चाकं तेल मारून, रात्रभर ठेवून, साध्या व्हील पान्याने निघाली. डाव्या पुढच्याला अजून हात लावलेला नाही. डाव्या मागच्याचे पाचपैकी दोन नट निघाले आणि तीन अडून बसलेत. पान्याला तीन फुटी पाइप घालून मी टोकावर उभा राहिलो, नट जागचा हलला नाही. मग टायरच्या एका दुकानातून हवेची गन आणवली. तिने एका नटाचे कोपरे गोल केले. दुसरा नट आता फिरतोय खरा, पण बाहेर येत नाही, आतल्या स्टडसकट, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्यासकट, गरगर फिरतो. तिसरा जसा होता तसाच.

घाईचं कारण सांगतो. माझ्या आत्याचं सासर चोपडा तालुक्यात. आजोबा दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला आणायला हीच जीप पाठवायचे आणि मुराळी म्हणून, म्हणजे माहेरी न्यायला, माझे वडील जायचे. आत्या आता ७८ वर्षांची आहे. यंदा तिला याच जीपमधून माहेरी आणायचं घरात ठरलंय. आखाजीला २४ दिवस उरलेत.

गॅसने तापवू का? नट कापूनच काढू का? कापताना चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमला इजा झाली तर मग काय करायचं? फोटो चढवलाय.

आग्रारोड_धुळे

पाना बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट बघा. वायर ब्रशने स्टडचं टोक घासा. टोकावर इंग्रजी एल अक्षर कोरलेलं दिसतं का?

कपाशी

रॉकेल घाला, दोन दिवस ठेवा. आमच्या ट्रॅक्टरचे असेच निघाले.

सातपुडा

कपाशी भाऊ, रॉकेल आता मिळतं कुठे? रेशनवर येतच नाही आमच्याकडे. डिझेल चालेल.

केळीबाग

आग्रारोड_धुळे भाऊ, आत्ता घासून आलो. अडलेल्या तिन्ही स्टडवर एल आहे! निघालेल्या दोन स्टडवर काहीच नाही, टोक सपाट. डाव्या पुढच्या चाकाच्या पाचही स्टडवर एल आहे. याचा अर्थ काय?

आग्रारोड_धुळे

अर्थ असा, की ते तीन नट तुम्ही आजवर सोडवत नव्हता, आवळत होता.

एल म्हणजे लेफ्ट, उलटे आटे. जुन्या विलीज जीपला आणि त्यावरून आपल्याकडे बनलेल्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. हा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. तुमच्या गाडीत कधीतरी दोन स्टड तुटले असणार आणि कुणीतरी बाजारात मिळाले ते सुलट आट्याचे बसवले. एकाच चाकावर दोन्ही जातींचे नट असतील तर वाकबगार मेकॅनिकही फसतो. दोन सुटले म्हणून तुमचा विश्वास बसला की दिशा बरोबर आहे. तुमची चूक नाही यात.

गिरणाकाठ

बाप रे. गनने आवळले?

टर्नर_जळगाव

मी एमआयडीसीत लेथ चालवते, स्टड-बुशिंगचीच कामं जास्त येतात. आकडे मांडते, म्हणजे काय झालंय ते कळेल.

या जीपचा स्टड अर्धा इंच जाडीचा, इंचात २० आटे. अशा स्टडला नट आवळायला ७५-८० फूट-पाउंड (पान्याच्या जोराचं माप) पुरतात. ७० किलोचा माणूस, म्हणजे १५४ पाउंड, तीन फुटी पाइपच्या टोकावर उभा राहिला की ४६० फूट-पाउंडांच्या वर जातो. साधारण सहापट, आणि तेही आवळण्याच्या दिशेने. त्यानंतर वर गन. स्टड तुटला नाही म्हणजे जुनं पोलाद चांगलं आहे, पण तो ताणला गेलाय. हे तिन्ही स्टड आता पुन्हा वापरू नका. कसेही निघोत, बदलायचेच आहेत असं धरून चला.

यात एक दिलासाही आहे. स्टड वाचवायचा नाही म्हटल्यावर नट काढायचे रस्ते वाढतात. वाचवायचाय तो ड्रम आणि हब, म्हणजे स्टड ज्यात बसतात तो चाकाचा मधला भाग. ते मिळणं अवघड, स्टड-नट स्वस्त.

कपाशी

मग सरळ गॅस कटरने उडवा ना तिन्ही. दहा मिनिटांचं काम. माझ्या ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे सावद्याला, पाठवू?

लोकोशेड

कपाशी, थांब. कटर लावू नका.

मी भुसावळच्या शेडात ३४ वर्षं फिटर होतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वाफेच्या इंजिनावर काम केलेले. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जाम नट जोराने सुटत नाही, गंज तुटला की सुटतो. गंज तोडायचा कसा तेवढंच शिकायचं.

सगळ्यात आधी टायरची हवा काढा. नुसती कमी करू नका, व्हॉल्व्हची पिनच काढून घ्या. हवा भरलेल्या टायरजवळ ज्योत नेली तर रबर आतून तापतं, त्यातून वायू सुटतो आणि टायर फुटतो. माणसं मेलेली आहेत याने. ही गोष्ट मी दोनदा सांगेन.

त्यानंतर काळी माती खरवडून आटे उघडे करा. चिखलाच्या थरावर तेल ओतलं तर ते चिखलच पितो. वायर ब्रश, मग तेल, मग हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके, फिरवून फिरवून सगळ्या पैलूंवर. मागे दुसरी जड हातोडी टेकवून धरलीत तर ठोका वाया जात नाही. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं. सकाळ-संध्याकाळ तीन दिवस एवढंच करा. पान्याला हात नको.

चौथ्या दिवशी आच. ऑक्सिजन-ॲसिटिलिनची बारीक ज्योत, फक्त नटावर, फिरती. नट तापला पाहिजे, स्टड नाही. आतला स्टड थंड आणि बाहेरचा नट दोनशे अंशांनी जास्त गरम, एवढ्यानेच अर्ध्या इंचाच्या भोकात ०.०३ मिलिमीटर फट पडते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे ती, पण गंजाचा चिकटा सोडवायला तेवढी पुरते. लाल करायचा नाही. लाल केलात की उष्णता स्टडमध्ये, मग हबमध्ये, मग बेअरिंगच्या ग्रीसमध्ये आणि तेलाच्या सीलमध्ये जाते. कटरने नेमकं हेच होतं, म्हणून नको म्हणतो. आतल्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरची रबरंही जवळच आहेत.

तापल्यावर लांब दांड्याचा पाना, दिशा घड्याळाची. पहिल्या झटक्यात हलला नाही तर थोडं उलट, थोडं सुलट. पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे. हलला की मध्ये मध्ये तेल. चाक जमिनीवर टेकलेलं असू द्या, बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीवर असा जोर लावायचा नाही.

आणि परत सांगतो, टायरची हवा.

गिरणाकाठ

आबा, हे वाचून मी माझ्या लुनाचा सायलेन्सर नट सोडवायला बसतोय.

पांझराकाठ

तेलावरून एक. डब्ल्यूडी-४० सगळे मारतात, पण मुळात ते पाणी हटवायला बनवलं होतं. नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. अमेरिकेत १९५३ साली. गंज मुरलेल्या आट्यात उतरायला त्याच्यापेक्षा एटीएफ आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळलेलं बरं पडतं. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल. दोन्ही एकमेकांत राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवून मारायचं.

टर्नर_जळगाव

पांझराकाठ भाऊ, मिश्रण मीही वापरते. पण ॲसिटोन पेट्रोलसारखं पेटतं. लोकोशेड आबांची आच आणि तुमचं ॲसिटोन एकाच दिवशी होऊ देऊ नका. चार दिवसांत पहिले तीन तेलाचे, चौथा कोरडा पुसून आचेचा.

ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारला असेल तर तेही सांगा. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, त्यावर ज्योत किंवा वेल्डिंग पडलं की फॉस्जीन वायू तयार होतो. तो विषारी असतो. शेडमध्ये तर मुळीच नको.

केळीबाग

क्लीनर मारलेला नाही. तेल सुरू केलं आजपासून. वडील स्वतः हातोडी घेऊन बसलेत, सकाळी शंभर ठोके मोजून मारले.

पण एक प्रश्न राहतोच. अशी दोन बाजूंना दोन तऱ्हा ठेवायची काय गरज होती?

आग्रारोड_धुळे

गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. साधे आटे असलेला नट सुटण्याचीही दिशा तीच. चाकाच्या फिरण्याने आणि धक्क्याने नट सैल होत जातील अशी बनवणाऱ्यांना धास्ती होती, म्हणून डावीकडे उलटे आटे. सायकलच्या डाव्या पायडलला आजही उलटे आटे असतात, घरच्या सायकलवर पडताळून बघा. मोटारींत मात्र नटाची शंकूसारखी बैठक नीट बसली की तो सुटत नाही असं दिसून आलं आणि ही पद्धत मागे पडली. क्रायस्लरने मात्र १९७०च्या आसपासपर्यंत धरून ठेवली होती.

डॉजवाला

क्रायस्लरचं नाव निघालं म्हणून आलो.

आमच्याकडे १९५०च्या दशकातली डॉज किंग्जवे आहे, क्रायस्लरचीच गाडी, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली. आजोबांची जिनिंग होती, कापसाच्या हंगामात घेतली म्हणतात. तिच्यात स्टड-नट नाहीत, ड्रममध्ये थेट बोल्ट जातात. पाच बोल्ट, आणि चाक बसवताना नेम धरायला ड्रमवर खुंटी. डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्यांचे.

तीन वर्षांपूर्वी डावीकडचा एक बोल्ट डोक्यापाशी तुटला, बाकी तुकडा ड्रममध्ये. गावातल्या दोघांनी सांगितलं, भोक पाडा आणि इझी-आउट (तुटका बोल्ट आतून धरून काढायचं अवजार) घाला. मला त्या अवजाराची भीती वाटते. ते इतकं कडक असतं की आत मोडलं तर पुढे साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही, आणि मग ड्रम घेऊन दारोदार. मी एक दिवस नुसता बघत बसलो त्या तुकड्याकडे. मग डोक्यात आलं, ड्रिल फिरतो घड्याळाच्या दिशेने. आणि हा बोल्ट सुटतोही घड्याळाच्याच दिशेने!

सेंटर पंच मारून बरोबर मध्यावर खूण केली, आधी तीनचा ड्रिल, मग पाचचा, वेग अगदी कमी, तेल घालत. साडेसहाचा बिट लावला आणि त्याने धातू धरला, तसा तुकडाच फिरायला लागला. ड्रिल पुढे जाण्याऐवजी तुकडाच फिरत फिरत माझ्या बाजूला बाहेर आला. इतरांना यासाठी उलट फिरणारा खास ड्रिल बिट शोधावा लागतो, आम्हाला साध्या बिटने झालं. उलट्या आट्यांनी आयुष्यभर छळलं, त्या दिवशी मात्र उपकार केले.

केळीबाग यांच्या फिरणाऱ्या स्टडला हे चालणार नाही, तो हबात दाबून बसवलेला असतो. पण धागा वाचणाऱ्या एखाद्याच्या कामी येईल.

टर्नर_जळगाव

डॉजवाला काका, फार सुंदर. हे मी माझ्या पोरांना शिकवणार आहे उद्या.

फिरणाऱ्या स्टडबद्दल. त्याच्या मानेवरच्या धारा हबात रुतून बसतात. गनने त्या धारा घासल्या गेल्या, म्हणून तो फिरतो. डोकं आत ड्रमच्या पोटात, मागून धरायला जागा नाही. तिथे नट फोडणं हाच रस्ता. नटाच्या एका पैलूत स्टडला समांतर दोन-तीन बारीक भोकं पाडा, स्टडला न लागता. मग धारदार छिन्नीने त्या भोकांच्या रेषेवर घाव. नट अक्रोडासारखा उघडतो. नट फोडायचं स्क्रूचं अवजार मिळतं, पण रिमच्या खोलगटात ते बहुधा बसत नाही.

गोल झालेल्या नटासाठी: मूळ नट पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणून १९चा पाना ओढूनताणून लागतो. आता कोपरे गेले, तर १८ची सहा कोनांची इम्पॅक्ट गोटी (गनचं सॉकेट) घ्या आणि हातोडीने ठोकून वर चढवा. बारा कोनांची अजिबात नको, ती कोपऱ्यांवरच धरते आणि उरलेसुरले कोपरेही नेते. ठोकण्याने गंजाला धक्का बसतो तो वेगळा फायदा.

माहेरवाशीण

मला गाडीतलं काही कळत नाही, पण आत्याबाईंचं वाचलं आणि राहवलं नाही.

मना आजानी जीप व्हती, अशीच. मी नाशिकला असते आता. आखाजीच्या चार दिवस आधी गल्लीच्या टोकाला जीपचा आवाज आला की आई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात यायची. पुढे बसायला मिळावं म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. माहेरी गेल्यावर निंबाच्या झाडाला झोका, गौराई, आंब्याचा रस, खापरावरच्या पुरणपोळ्या. त्या जीपच्या पत्र्याला उन्हात चटका बसायचा, त्याचीसुद्धा आठवण येते. दादा, आत्याबाईंना त्याच गाडीतून आणा. फोटो नक्की टाका.

सातपुडा

ताई, रस आणि पुरणपोळीचं काढलंत, आता नटांकडे लक्ष कसं राहायचं.

पांझराकाठ

थोडं विषयाबाहेरचं. केळीबाग यांच्या फोटोखाली कुणीतरी व्हिंटेज लिहिलंय. हौशी क्लबांच्या हिशोबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. १९६४ची जीप त्यात बसत नाही.

आग्रारोड_धुळे

क्लबाचा हिशोब वेगळा, सरकारचा वेगळा. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर व्हीए अक्षरांची मालिका, नोंदणी १० वर्षांसाठी. पुनर्नोंदणीचं शुल्क तेव्हा ५००० रुपये ठेवलं होतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. ही जीप त्यात बसते. पण ‘मूळ रूपात’ हे शब्द ध्यानात ठेवा, नटांचा प्रश्न तिथेच परत येणार आहे.

कपाशी

कसा काय? नट बघायला येणार आहे का कुणी?

आग्रारोड_धुळे

नट बघणार नाहीत. पण तुम्ही आता सगळे स्टड सुलट आट्यांचे करून टाकाल की उलटेच ठेवाल? माझं मत, उलटे ठेवा. महिंद्रांनी १९४९ पासून माझगावला ज्या जीप जुळवायला घेतल्या त्यांची ही खूण आहे. एकदा बदललं की परत कुणी उलटे बसवत नाही.

गिरणाकाठ

मी असहमत. उद्या यावल-चोपडा रस्त्यावर टायर बसला, रात्र झाली, पंक्चरवाला पोरगा गन घेऊन आला, तर परत हेच होणार. आत्याबाई गाडीत असतील. मूळपण महत्त्वाचं की माणूस?

लोकोशेड

दोघांचंही खरं आहे. गिरणाकाठची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय सोपा. एका चाकाचे सगळे स्टड एकाच जातीचे हवेत, यात तडजोड नाही. मिसळ मुळीच नको, सगळा घोळ मिसळीनेच झाला. डावीकडे उलटे ठेवणार असाल तर रिमवर पांढऱ्या रंगाने बाण काढा आणि ‘उलटे आटे’ असं ठळक लिहा. रेल्वेत आम्ही जे जे उलटं असतं त्यावर लिहून ठेवतो, लक्षात ठेवण्यावर सोडत नाही. उलटे स्टड मिळालेच नाहीत तर दोन्ही डावी चाकं पूर्ण सुलट करा. त्यात लाज नाही.

पांझराकाठ

आटे बसवताना ग्रीस लावा भरपूर, पुढच्या अकरा वर्षांची निश्चिंती.

टर्नर_जळगाव

भरपूर नको. कोरड्या आट्यांवर बहुतेक ताकद घर्षणातच जाते. ग्रीस लावलं की घर्षण घटतं, मग तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. लावायचंच तर तांब्याच्या पेस्टचा पुसट हात फक्त आट्यांवर, नटाच्या शंकूच्या बैठकीवर थेंबही नको, आणि आवळताना जोर थोडा कमी.

तुमच्या गाडीला एवढा गंज कशाने, तेही लिहिते. आपल्याकडची हवा कोरडी, उघड्यावर उभी असती तरी इतकी सडली नसती. केळीला पोटॅश लागतं, पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. त्यात गोठ्याचा अमोनिया आणि ओल धरून ठेवणारी काळी माती. खताची पोती शेडातून हलवा, नाहीतर नवे नटही टिकायचे नाहीत.

केळीबाग

पोती हलवली काल. आता कालच्या दिवसाचा वृत्तान्त, नीट लिहितो.

टायरची हवा पूर्ण काढली, पिन काढून वडिलांच्या खिशात ठेवली. बाकीच्या चाकांना दगड. गावातला वेल्डर आला, त्याला लोकोशेड आबांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, माझा बाप हेच सांगायचा.

पहिला, न बिघडलेला नट. दोन मिनिटं आच, पाना घड्याळाच्या दिशेने. हलला नाही. पुन्हा आच. नाही. तिसऱ्यांदा थोडा आवळण्याच्या दिशेने हिसका दिला आणि मग सोडण्याच्या, तेव्हा बंदुकीसारखा आवाज आला. आम्हाला वाटलं स्टड तुटला. नव्हता तुटला, गंज तुटला होता. मग पाव फेरी इकडे, पाव तिकडे करत दहा मिनिटांत बाहेर. वडिलांनी तो गरम नट फडक्यात धरून किती तरी वेळ बघितला.

गोल झालेल्या नटावर १८ची गोटी ठोकून चढवली. तो पहिल्याच आचेनंतर सुटला. नट गोटीत असा अडकला की तो काढायला वेगळं अर्धा तास लागलं.

फिरणाऱ्यासाठी छिन्नी. चार भोकं पाडली, तिसऱ्या घावाला नट उकलला. रिमला एक ओरखडा पडला, ड्रमला काही नाही.

आणि एवढं झाल्यावर चाक निघेना! तिन्ही नट नाहीत, चाक ड्रमला चिकटलेलं. टायरच्या आतल्या बाजूने लाकडी ओंडक्याने चारी बाजूंनी ठोकलं तेव्हा सुटलं.

आता पुढची अडचण. ड्रम येत नाहीये. डाव्या पुढच्या चाकाचे पाचही नट मात्र योग्य दिशेने फिरवल्यावर नुसत्या पान्याने निघाले, एकही खळखळ नाही.

डॉजवाला

वा! वडिलांना नमस्कार सांगा.

माहेरवाशीण

डोळ्यांत पाणी आलं. खरंच.

टर्नर_जळगाव

ड्रमवर हातोडा चालवू नका. या जीपच्या मागच्या शाफ्टचं टोक निमुळतं आहे, हब त्यावर चावीसकट (खाचेत बसणाऱ्या पोलादी पट्टीसकट) घट्ट बसतो. मधला मोठा नट काढून हब पुलरनेच ओढावा लागतो. शाफ्टच्या टोकावर घण घातलात तर धक्का थेट बेअरिंगांवर जातो.

आणि स्टड. ते मागून फुगवून बसवलेले असतात, त्यांनीच ड्रम हबाला धरून ठेवलाय. तसेच दाबून काढले तर फुगीर भाग भोक मोठं करत येतो आणि नवा स्टड सैल बसतो. आधी तो फुगवटा कापायचा, मगच दाबायचं. ड्रम-हब माझ्याकडे आणा. उलट्या आट्यांचे स्टड बाजारात नाही मिळाले तर मी मूळ मापाने, चांगल्या पोलादाचे कातून देते, मानेवरच्या धारा तुमच्या भोकाच्या मापाने ठेवते. नट जुन्यातला चांगला निघालेला एक नमुना म्हणून द्या.

कपाशी

ताई, तुमच्याकडे कटर नाही ना?

टर्नर_जळगाव

आहे. पण लेथच्या कामाला.

केळीबाग

ताई, फार उपकार. येतो घेऊन. पण पुलर कुठून आणू? रावेरात दोघांना विचारलं, त्यांच्याकडे तीन पायांचे छोटे आहेत, ते सटकतात. आखाजीला १३ दिवस राहिले. व्हील सिलिंडरची रबरंही बदलावी लागणार, ब्रेकचा पाइप तर फुटेल असा दिसतोय.

गिरणाकाठ

ब्रेक झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका, आखाजी गेली तरी चालेल. बाण मात्र काढा रिमवर. मी माझं मत मागे घेतो, उलटे राहू द्या.

आग्रारोड_धुळे

नट बसवल्यावर समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गनने नको, हाताने. आणि चोपड्याला निघालात की यावलला चहाला थांबाल तेव्हा सगळे नट पुन्हा तपासा. नवे स्टड पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरात बसतात.

लोकोशेड

माझ्याकडे हब पुलर आहे. पाच बोल्टवर धरणारा, जीपचाच. निवृत्तीनंतर एका गॅरेजवाल्याकडून घेतला होता, तसाच पडून आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. रावेर स्टेशनवर घ्यायला या, पुलर जड आहे. वडिलांना सांगा, मधल्या नटाची कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली खिळ) काढून ठेवा आणि आजपासूनच तिथे तेल सुरू करा. तो नट सुलट आट्यांचा आहे, दोन्ही बाजूंना.

केळीबाग

येतो, आबा. जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आहे. वडिलांनी तेल घालायला घेतलंय.